खाडीतले जंगल

राधानगरी तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट. गावात बायकांचा बचत गट आहे. एकदा बैठकीत गव्यांचा विषय निघाला. आदल्या रात्री गव्यांनी आक्कांचा ऊस तुडवला होता.

आक्का रागाने म्हणाल्या, "ह्या जंगलानं आपल्याला काय दिलंय? नुसता तरास!"

बाई म्हणाल्या, "आक्का, तुमचं दुःख खरं आहे. पण जंगल राखून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आहेत. वेंगुर्ल्याला. चला, त्यांनाच भेटू."

सगळ्याजणी निघाल्या. दाजीपूर मागे पडले. गाडी फोंडा घाट उतरली. कणकवली गेली, कुडाळ गेले. वेंगुर्ले आले.

वेंगुर्ल्याला मांडवीची खाडी आहे. खाडी म्हणजे काय? नदी समुद्राला मिळते, तिथे भरतीचे पाणी आत शिरते. गोडे पाणी आणि खारे पाणी एक होते. ती खाडी. या खाडीत स्वामिनी नावाचा बायकांचा बचत गट आहे. या मच्छीमार घरच्या बायका. २०१७ सालापासून त्या लोकांना होडीत बसवून खाडीतले जंगल दाखवतात.

काठावर एक बाई वल्हे घेऊन उभी होती. तिने हसून विचारले, "बायांनो, खंयसून इलात?"

"राधानगरीहून!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

होडी हलली. आक्कांनी काठ घट्ट धरला. दोन्ही बाजूंना हिरवी झाडे होती. त्यांची मुळे चिखलात होती आणि पाणी खारे होते.

आक्का म्हणाल्या, "आमच्या शेतात मीठ फुटलं, तर पीक जळतं. ही झाडं जगत्यात कशी?"

होडीवाल्या बाईने तिवराचे पान तोडले नाही, नुसते वाकवून दाखवले. "हात लावून बघा. हे झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकतं."

मग तिने चिखल दाखवला. चिखलातून बोटाएवढी मुळे वर आली होती, जणू कोणी खुंट्याच ठोकल्या आहेत. चिखलात हवा नसते. म्हणून तिवर ही मुळे वर काढतो आणि त्यांतून श्वास घेतो.

पुढे कांदळ लागला. त्याची मुळे खोडातून कमानीसारखी खाली उतरली होती. कांदळाचे बी झाडावरच रुजते. लांब शेंगेसारखा कोंब लोंबत राहतो. तो खाली पडतो, चिखलात रुततो, किंवा पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतो.

"म्हंजे झाड लेकराला वाढवून मगच खाली सोडतंय!" आक्का म्हणाल्या.

एक खंड्या पाण्यावर झेपावला. मुळांत कुर्ल्या पळाल्या. होडीवाली बाई म्हणाली, "ही मुळं म्हणजे माशांचा पाळणा. लहान मासे, कोळंबी इथे लपतात, वाढतात. झाड गेलं तर मासा गेला. मासा गेला तर आमची चूल विझली."

या जंगलाला कांदळवन म्हणतात. ते लाटांचा जोर मोडते. काठाची माती धरून ठेवते. पूर्वी लोक सरपणासाठी ही झाडे तोडत. काही ठिकाणी भराव घालून त्यांचा नाश झाला. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास मनाई केली. २०२० साली पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचे राज्य कांदळवन वृक्ष ठरले. पण नुसत्या कायद्याने झाड वाचत नाही. ज्याला त्या झाडाचा उपयोग कळतो, तोच ते राखतो.

परतताना बाईंनी घाटमाथ्यावर गाडी थांबवली. "इकडे पडलेला पाऊस कोकणातल्या खाडीत जातो. तिकडचा पाऊस भोगावतीत जातो. भोगावतीचं पाणी पंचगंगेत, पंचगंगेचं कृष्णेत. कृष्णा आंध्रात पूर्वेच्या समुद्राला मिळते. तिथेही कांदळवन आहे."

आक्का गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपलं जंगल पाणी धरतंय, ते तिथवर जातंय."

१९५८ साली दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखीव झाले. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत ते आले. दूरदूरचे लोक गवा बघायला येतात.

पुढच्या बैठकीत आक्काच आधी बोलल्या. "गवा उसात येणारच. राखण करावी लागंल. नुकसानीचा अर्जबी करू. पण गवा बघायला येणाऱ्या पाव्हण्यांना भाकरी कोण घालतंय? वाट कोण दावतंय? ते काम आपण का करू नये?"

त्या दिवशी आक्कांनी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. खाली सही केली. अंगठा उठवला नाही.

प्रश्न
१. तिवराचे झाड खाऱ्या पाण्यात कसे जगते?
२. कांदळवनाला माशांचा पाळणा का म्हटले आहे?
३. भोगावतीचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्राला मिळते?
४. तुमच्या गावच्या रानाचे तुम्हाला कोणते उपयोग आहेत? चार ओळी लिहा.