दोन्ही वाटांच्या गाडीस शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोणते?

बेळगावच्या पेठेतील मालवाहू पिकअप गाडी आज चोर्ला घाटातून डांबरी रस्त्याने गोव्यास उतरते, तर उद्या चंदगडकडील काजूबागांत दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर शिरते. अशा गाडीस शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोणते घालावेत, हा खर्चाचा व त्याहूनही अधिक चालकाच्या जीविताचा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडीचे ओझे शॉक अ‍ॅब्सॉर्बर पेलीत नाहीत. ते काम पाट्यांचे व स्प्रिंगांचे. खड्ड्यात दबलेले पाटे नंतर वरखाली होत राहतात. त्या हेलकाव्यांस आवर घालणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे कार्य होय. आतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून वाट काढते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतारूपाने बाहेर पडते. हेलकावा आवरला नाही तर चाक जमीन सोडते; अशा चाकास ना ब्रेकचा उपयोग, ना स्टिअरिंगचा. म्हणून अधिक माल भरण्याकरिता कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसविणे व्यर्थ आहे. रिकाम्या गाडीत तर ते चाकास उलट उसळवितात.

यांचे मुख्य प्रकार दोन. दुनळी प्रकारात दट्ट्या आतील नळीत चालतो. बाहेरील नळीस दगडाने पोचा आला तरी तो सहसा अडत नाही. किंमतही कमी. परंतु खडबडीत वाटेवर दीर्घकाळ चालल्यास तेल तापून फेसाळते व आवर सुटतो. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेल्या दुनळीत हा दोष घटतो. एकनळी प्रकारात सुमारे २५ बार दाबाचा नायट्रोजन तरत्या दट्ट्याने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे फेस टळतो व उष्णताही लवकर निघते. मात्र नळीस पोचा आल्यास दट्ट्या अडकतो.

तात्पर्य, डांबरी वाट अधिक व कच्ची थोडी असल्यास नायट्रोजनयुक्त दुनळी पुरे. तासन्‌तास कच्च्या वाटेवर चालणाऱ्या गाडीस एकनळी योग्य, पण दगडांपासून बचावाचे आवरण हवेच. गाडी उंच केली असल्यास लांबी पुन्हा मोजावी. एकाच आसावरील दोन्ही नग एकदम बदलावेत. तेल गळणे वा टायर ठिकठिकाणी झिजणे, ही बदलण्याची वेळ आल्याची लक्षणे.

दुकानदारास विचारण्यापूर्वी आपली फेऱ्यांची वही उघडावी. कच्च्या वाटेच्या फेऱ्या किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती, हे तीत लिहिलेले असते. निवड त्या हिशेबावरच करावी.