एका अक्षराची चूक

सातबाराच्या उताऱ्यावर नांवांत एक अक्षर चुकलें, तर तहसील कचेरीचे किती हेलपाटे घालावे लागतात, हें आमच्या भंडारा जिल्ह्यांतील पालकांस सांगावयास नको. आज आम्ही अशाच एका, परंतु सर्व जगाच्या उपयोगीं पडणाऱ्या नोंदवहीची हकीकत सांगणार आहों.

रोगजंतु औषधास जुमानीत नाहींत, याचें कारण पुष्कळदां त्यांच्या जनुकांत असतें. जनुक म्हणजे ए, सी, जी व टी या चार अक्षरांत लिहिलेला लेखच होय. केपीसी नांवाच्या जनुकांत अशीं ८८२ अक्षरें असतात. त्यावरून जें प्रथिन बनतें, तें कार्बापेनेम वर्गाच्या प्रबळ औषधांचा नाश करितें. अशा जनुकांची नोंद शास्त्रज्ञ संगणकावरील डेटाबेसमध्यें करितात. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाचा ‘कार्ड’ हा त्यांपैकीं एक. रोग्याच्या जंतूंतील जनुक या नोंदींशीं ताडून ओळखतां येतें.

हा विषय आपल्यापासून दूरचा नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतु तपासले. त्यांपैकीं २२ जंतूंत एनडीएम-१ हें असेंच दुसरें जनुक आढळल्याचें त्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें.

आतां चूक कशी शिरते तें पाहा. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांत १९९६ सालीं मिळालेल्या एका जंतूचें जनुक २००१ सालीं केपीसी-१ या नांवानें प्रसिद्ध झालें. पुढें केपीसी-२ नोंदलें गेलें. दोहोंच्या प्रथिनांत अवघ्या एका घटकाचा भेद दिसत होता. परंतु पहिलें जनुक पुनः वाचतां तो भेद वाचनांतील चूकच ठरला! २००८ सालीं मूळ संशोधकांनीं त्याच नियतकालिकांत दुरुस्ती छापली. म्हणून आज ही मालिका दोन या अंकापासून सुरू होते.

एवढ्याशा भेदानें काय बिघडणार, असें कोणी म्हणेल. परंतु केपीसी-२ मधील एकच घटक पालटला कीं केपीसी-३३ होतें, आणि त्यापुढें सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम हें राखीव औषधही दुबळें पडतें. नोंद चुकीची असेल, तर जेथें भेद नाहीं तेथें तो दिसेल, आणि जेथें आहे तेथें तो झांकला जाईल.

प्रयोगवहींतील आंकडा पुस्तकाशीं जुळला नाहीं, तर तो रबरानें पुसूं नका. माप पुनः घ्या. चूक आढळल्यास तीवर एकच रेघ ओढून शेजारीं खरा आंकडा लिहा. त्या संशोधकांनीं सात वर्षांनंतर केलें तें हेंच.