'टायर्ड' आणि 'टायर्ड ऑफ'

इंग्रजीतील 'टायर्ड' हे विशेषण आपण शाळेतच शिकतो. अर्थ सोपा : थकलेला. परंतु या सोप्या शब्दानेच मला गेल्या वर्षी निबंधात फसविले.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम असतो. माझी माय पहाटे अंधारात जंगलात जाते, ऊन चढल्यावर पानांचे ओझे घेऊन येते आणि मग ७०-७० पानांचे पुडे बांधीत बसते. 'माझी आई' या निबंधात मी लिहिले, 'माय मदर इज टायर्ड ऑफ वर्क.' सरांनी लाल शाईने खूण केली. वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. पण अर्थ झाला होता, 'माझी आई कामाला विटली आहे.'

सारा फरक 'ऑफ' या लहानशा शब्दाचा. 'टायर्ड' एकटे आले, किंवा त्यापुढे 'फ्रॉम' आले, की शरीराचा थकवा समजावा; 'ऑफ' आले की मनाचा वीट. पहिला विश्रांतीने जातो, दुसरा जात नाही.

'टायरिंग'चाही असाच घोटाळा होतो. काम 'टायरिंग' असते, ते करणारा 'टायर्ड' होतो. 'टायरिंग वुमन' म्हणजे दुसऱ्यांना थकविणारी बाई!

याहून मोठ्या थकव्याला 'एक्झॉस्टेड' म्हणतात. त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाणी उपसून काढणे. म्हणून त्याला 'व्हेरी' सहसा लावीत नाहीत, 'कम्प्लीटली' लावतात. उपसून कोरडी झालेली विहीर आणखी कोरडी कशी होणार?

आता आपली मराठी पाहा. 'दमणे' हा शब्द दमाशी, म्हणजे श्वासाशी जोडलेला आहे. 'थकणे' मात्र देहाला लागते, तसे पैशालाही. मजूर थकतो आणि त्याची मजुरीही थकते. हा दुसरा अर्थ 'टायर्ड'मध्ये नाही. तेथे 'ओव्हरड्यू' म्हणावे लागते. तेव्हा मित्रहो, शब्दकोशातला एकच प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. शब्द कोणाच्या शेजारी बसला आहे, हेही पाहावे लागते.

निबंध परत मिळाला त्या संध्याकाळी मी मायला विचारले, "माय, तुला कामाचा वीट नाही येत का?"

ती म्हणाली, "वीट येऊन कसं चालंल? थकतो, मंग झोपतो, सकाळी उठतो."

मी वहीतले 'ऑफ वर्क' खोडले. 'माय मदर इज टायर्ड' एवढेच वाक्य उरले. ते खरे होते.