सोलं भिजवा, कढी प्या आणि पिळलेली सोलं आमटीत टाका

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जिथे फुटतो, ते कसाल. इथून जाताना कोकमाची वाळवलेली सोलं घेतलीत ना? चला, पुडी उघडा. चार जणांची सोलकढी करू, आणि सोलं फेकायची नाहीत, ती पुढे आमटीत जाणार आहेत.

साहित्य : १५ सोलं, १ मध्यम नारळ, ३ लसूण पाकळ्या, १ हिरवी मिरची, मीठ, मूठभर कोथिंबीर.

१. सोलं ताटात पसरून बघा. मऊ, किंचित चिकट, काळपट जांभळी हवीत. पांढरं दिसलं तर बोटाला पाणी लावून घासा : विरघळलं तर मीठ. कापसासारखं तंतू-तंतू असेल तर ती बुरशी, पुडीच टाका.

२. एक सोल जिभेवर ठेवून चाखा. काही सोलं चांगली खारट असतात, काही अगदीच कमी. मिठाचा अंदाज इथेच येतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

३. सोलं पटकन एका पाण्यातून धुऊन घ्या. चोळत बसलात तर रंग मोरीत जाईल.

४. काचेच्या वाडग्यात घालून वर एक वाटी कोमट पाणी ओता. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळेचं भांडं नको, आंबट त्याला खातं. पाणी उकळतं नको, बोट सहज बुडवता आलं पाहिजे.

५. झाकून अर्धा-पाऊण तास ठेवा.

६. तोवर नारळ फोडून खवा. करवंटीलगतचा तपकिरी भाग आला की थांबा, नाहीतर कढी मळकट दिसते.

७. खोबरं, लसूण, मिरची आणि दीड वाटी कोमट पाणी मिक्सरला बारीक वाटा. लसूण वाढवायचा मोह होईल; आवरा, कढीला लसणाचा नुसता वास हवा.

८. वाटण स्वच्छ पंचात घालून घट्ट पिळा. हा जाड रस.

९. चोथा पुन्हा मिक्सरमध्ये घालून एक वाटी पाण्याबरोबर फिरवा.

१०. तोही पिळून पहिल्या रसात मिसळा. तिसऱ्यांदा पिळू नका, पाणीच निघेल.

११. आता सोलांकडे वळा. भिजवलेल्या पाण्यातच ती बोटांनी चांगली कुस्करा. पाणी गडद लाल झालं की झालं. हात रंगतील, पांढरा सदरा घालून हे काम करू नका.

१२. पाणी गाळून घ्या, हे झालं आगळ. सोलं बाजूला, वाटीत.

१३. नारळाच्या रसात हे आगळ थोडं थोडं ओतत ढवळा. फिकट गुलाबी रंग आला की थांबून चव घ्या. सगळं एकदम ओतलंत आणि आंबट झालं, तर त्याला उपाय म्हणजे आणखी एक नारळ!

१४. चव बघूनच मीठ घाला. दुसऱ्या पायरीत सोल खारट लागलं असेल तर कदाचित लागणारही नाही.

१५. कोथिंबीर घाला. कढी गॅसवर ठेवू नका, नारळाचा रस फुटतो.

१६. गार करून, भाताबरोबर किंवा नुसतीच पेल्यातून वाढा.

नारळ नसेल तर? पाचव्या पायरीपर्यंत या, सहा ते दहा सोडा, अकरा-बारा करा, आगळात तीन वाट्या गार पाणी, जिरेपूड, ठेचलेली मिरची आणि मीठ घाला. ही तिवळ. उन्हाळ्यात मला तर हीच जास्त आवडते.

आता वाटीतली सोलं.

१७. तुरीची डाळ आधी पूर्ण शिजवून घोटा. सोलं आधी घातलीत तर आंबटामुळे डाळ शिजायलाच तयार होत नाही.

१८. आमटीला नेहमीसारखी फोडणी करून उकळी आणा.

१९. पिळलेली सोलं आणि दोन नवी सोलं शेवटच्या पाच मिनिटांत घाला. पिळल्यावर आंबटपणा कमी झालेला असतो, म्हणून ती दोन जादा. बांगड्याचं तिखलं करत असाल तर तिथेही हाच बेत : तिरफळं ठेचून घातली की मागोमाग सोलं.

२०. उरलेली सोलं कोरड्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत भरा. ओला चमचा घातलात की बुरशी आलीच समजा.

कढी मात्र त्याच दिवशी संपवा. बरणीतली सोलं वर्षभर राहतात, मग कढी हवी तेव्हा ताजीच करा.