घाटात गिअर, पंपावर माप

पोरी, गाडी घेतलीस ते बरं केलंस. सोमाटणे फाट्यावर पावसात उभं राहून हिंजवडीकडे जाणारं कुणी मिळतंय का बघण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पेढे खाऊन झाले असतील तर आता काकाचं थोडं ऐक. कामशेतला गॅरेज होतं तेव्हा गिऱ्हाइकं ब्रेक-क्लचपेक्षा पेट्रोलचंच जास्त विचारायची. कुठल्या पंपावर स्वस्त मिळतं आणि कुठलं भरलं की ॲव्हरेज वाढतं? पहिल्या प्रश्नात फारसा जीव नाही. दुसऱ्यात आहे, पण लोक शोधतात तिथे नाही.

स्वस्ताचं आधी उरकून टाकू. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचा भाव रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो. बदलतोच असं नाही, कधी कधी कित्येक महिने तो जागचा हलत नाही. या भावात केंद्राची एक्साइज असते, डीलरचं कमिशन असतं आणि वर राज्याचा व्हॅट. आपल्याकडे तो २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या हद्दीत पूर्वी २६ टक्के होता, जुलै २०२४ पासून तोही २५ झाला. त्यामुळे 'मुंबईत भरू नको, घाटाच्या वर येऊन भर' हा जुना सल्ला आता निकालात निघाला.

मग तळेगाव, वडगाव, लोणावळा इथे पैशांचा फरक का दिसतो? तर वाहतूक. मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने पेट्रोल लोणी काळभोरला येतं आणि तिथून टँकरने पंपावर. जितकं अंतर, तितके पैसे. परभणीचं नाव महागड्या पेट्रोलसाठी पेपरात येतं त्यामागे हेच आहे, त्यांचा टँकर पार मनमाडहून येतो. खासगी कंपन्या आपला भाव आपण ठरवतात, तिथे फरक रुपयांतही असू शकतो. पण सरकारी कंपन्यांच्या दोन पंपांत लिटरला ४० पैसे फरक धरलास, तरी ३५ लिटरची टाकी भरून वाचतात १४ रुपये. त्यासाठी जाऊन-येऊन ५ किलोमीटर वाकडी वाट केलीस तर ३०-३५ रुपयांचं पेट्रोल जळालं. म्हणून वाटेवरचा, गर्दीचा, खपाचा पंप धर. माल ताजा असतो.

राज्याची हद्द ओलांडताना मात्र हिशेब करायचा. गोव्याचा कर कमी, तिथे लिटरमागे काही रुपये सरळ वाचतात. गोव्याला निघालीस तर सावंतवाडीत टाकी फुल करू नकोस. बांदा ओलांडून पत्रादेवीच्या पुढे गेलीस की भर.

आता ऑक्टेन. पंपावरचा पोऱ्या विचारेल, 'मॅडम, साधं की पॉवर?' एक्सपी ९५, पॉवर, स्पीड, व्ही-पॉवर, ज्याची त्याची नावं वेगळी. नावातच पॉवर असल्यामुळे माणसाला वाटतं, यात दम जास्त. तसं काही नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची सहनशक्ती. सिलिंडरमध्ये पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो. ठिणगी पडायची तेव्हाच ते पेटलं पाहिजे. दाब आणि उष्णता सोसवली नाही तर उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं. त्याला आम्ही इंजिन नॉक मारतंय म्हणतो. आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल जास्त दाब सोसतं, बस. लिटरमागची ऊर्जा त्याने वाढत नाही.

म्हणजे प्रश्न पेट्रोलचा नाही, तुझ्या इंजिनाचा आहे. त्याला किती सोसणारं पेट्रोल लागतं? उत्तर गाडीच्या पुस्तकात आहे आणि बहुतेक गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवरही. तिथे ९१ लिहिलं असेल तर १०० ऑक्टेनचं भरून तुला काहीच मिळणार नाही, आणि ते पडतं लिटरला दीडशेच्या पुढे. इंडियन ऑइलने ते डिसेंबर २०२० मध्ये आणलं, पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. ते आहे भारी मोटारसायकली आणि तापट इंजिनांसाठी. पुस्तकात ९५ किमान लिहिलं असेल तर मात्र कंजुषी नको. टर्बोवाल्या पेट्रोल गाडीत इंजिन आत हवा कोंबतं, दाब आधीच जास्त, तिथे पुस्तक सांगेल ते प्रमाण.

९५ वाल्या प्रीमियमला साधारण सात-आठ रुपये जास्त पडतात. तुझी गाडी लिटरला १५ देत असेल, तर हे पैसे वसूल व्हायला तिने १६ च्या वर दिलं पाहिजे. ९१ वर समाधानी असलेलं इंजिन ते देत नाही. इंजेक्टर स्वच्छ ठेवणारं औषध त्यात असतं ते खरं, म्हणून कुणी चार-सहा महिन्यांनी एक टाकी भरली तर मी नावं ठेवत नाही. पण दर वेळी भरणं म्हणजे हौस. त्यात, पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे आता साधं पेट्रोलच ९५ च्या घरात गेलंय. माझ्या तरुणपणी पंपावर ८७ आणि ९३ असे दोन प्रकार असत, तेही शिसं घातलेले. ते शिसं देशभर बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये.

'मग काका, घाटात माझी गाडी ओढत का नाही?' हा तुझा खरा प्रश्न. तू मुंबईहून येताना चौथ्या गिअरमध्ये खंडाळ्याचा घाट चढतेस, म्हणून. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठेक मीटर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. माणसं-सामान धरून सव्वा टनाची गाडी एवढी वर उचलायला सपाटीपेक्षा अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागणारच, ते कुठल्याही ऑक्टेनने वाचत नाही. पण वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर खाली दाबून चढवलीस की इंजिनावर सगळ्यात वाईट ताण येतो आणि तिथेच नॉक सुरू होतो. काच खाली कर आणि ऐक. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज येईल. नव्या गाड्यांत सेन्सर असतो, तो नॉक ओळखून ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचतं, पण पिकअप मरतो. तुला वाटतं पेट्रोल हलकं होतं. पेट्रोल ठीक होतं, गिअर चुकला होता. तिसरा टाक, गरज पडली तर दुसरा, इंजिनाला मोकळं फिरू दे. आवाज वाढला म्हणून घाबरू नकोस, त्याला तो सोसतो, घुसमट सोसत नाही. जुन्या घाटाने आलीस तर शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायची रीत आहे. जरूर टाक. गिअर मात्र तुलाच टाकायचाय.

गिअर बदलूनही, साध्या चढावर, रोजच नॉक येत असेल तर मेकॅनिक गाठ. प्लग, कार्बन किंवा कूलंट यांपैकी काहीतरी असतं. गाडी दाखवण्याआधी महागडं पेट्रोल भरून दुखणं झाकू नकोस.

आणखी एक गंमत सांगतो. लोणावळा उंचावर म्हणून तिथे जास्त ऑक्टेन लागतं असं सांगणारे भेटतात. उलट आहे. उंचावर हवा विरळ, सिलिंडरमध्ये कमी भरते, दाबही कमी. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला वर उलट कमी ऑक्टेन चालतं. अमेरिकेत रॉकी पर्वताकडच्या राज्यांत म्हणूनच कमी आकड्याचं पेट्रोल विकायची पद्धत पडली.

उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शहाणे अजून आहेत. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून पाय उचललास की संगणक पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून हात टेकतात. खंडाळ्यात न्यूट्रल म्हणजे पेट्रोलही गेलं आणि जीवही टांगणीला.

इथेनॉलबद्दल रागावून उपयोग नाही, समजून घे. ते ऑक्टेन वाढवतं, पण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा. म्हणून ऑक्टेन वाढूनही ॲव्हरेज थोडं उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांना १-२ टक्के आणि जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६-७ टक्के घट धरली होती. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाडीचे रबरी पाइप आणि सील ई-२० सोसणारे असतात. तुझ्या बाबाची जुनी गाडी असेल तर सर्व्हिसिंगला पाइप चाचपून घे, तडे दिसले तर बदल. हे इथेनॉल उसाचं, तसं मक्याचं आणि तांदळाचंही होतं. आपला इंद्रायणी नव्हे, तेवढं समाधान.

मावळाच्या पावसात मात्र इथेनॉलला जपावं लागतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. थोडं असेपर्यंत आपल्यात मुरवून घेतं, प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळं बसतं आणि इंजिन आचके देतं. लोणावळ्याच्या बंगल्यांत जूनमध्ये उभ्या केलेल्या गाड्या दसऱ्याला सुरू होत नाहीत, त्याचं एक कारण बॅटरी आणि दुसरं हे. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली ठेवू नकोस, रिकाम्या जागेत दमट हवा साचते. झाकणाचं रबर बघ. गाडी उभी असली तरी पंधरवड्याला लोणावळा ते कार्ले चक्कर मार. शनिवार-रविवारी भुशी डॅमकडे किंवा टायगर पॉइंटला जायचं तर गावातच भरून निघ, कोंडीत रिझर्व्हचा दिवा लागलेला बघायला मजा येत नाही.

पंपावरच्या दंतकथा सोडून दे. ५०० ऐवजी ५१० चं भरलं तर चोरी होत नाही हे खोटं, मशीन लिटर मोजतं, आकडा कुठलाही टाक. पहाटे भरलं तर जास्त मिळतं हेही फुसकं, टाक्या जमिनीखाली असतात. आत एखाद्या अंशाचा फरक पडलाच तर ३५ लिटरला जेमतेम ३५-४० मिलिलिटर.

खरं बघायचं ते वेगळंच. गाडीतून उतर, शून्य बघ, भाव बघ, नोझल बाहेर काढेपर्यंत नजर मशीनवर ठेव. शंका आली तर भांडू नकोस. प्रत्येक पंपावर वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं, गिऱ्हाइकाने मागितलं की मोजून दाखवावंच लागतं, आणि त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचाच फरक माफ आहे. भेसळ वाटली तर फिल्टर पेपर माग, त्यावरचा थेंब डाग न ठेवता उडाला पाहिजे. हवा फुकट आहे, ती दर पंधरा दिवसांनी भरून घे, ॲव्हरेज तिथेही वाढतं. कुणी टाळाटाळ केली तर तक्रारवही तिथेच असते, तिच्यात लिही आणि पावती जपून ठेव.