नगरास जन्मलेला मुलांचा कवी

अहमदनगर, ज्यास सन २०२४ पासून अहिल्यानगर असे नाव मिळाले आहे, त्या शहराचा विषय निघाला म्हणजे आमच्या वाचकांस रे. नारायण वामन टिळक ह्यांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांस फुलांमुलांचे कवी म्हणतात, हेही पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु टिळकांच्या हयातीतच, ता. १६ एप्रिल १९१८ रोजी, ह्याच नगरात आणखी एक मुलांचा कवी जन्मास आला, हे फार थोड्यांस माहीत असेल. त्यांचे नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. पुढे स्पाइक मिलिगन ह्या नावाने ते प्रसिद्धीस आले. त्यांनी लिहिले ते इंग्रजीत. तथापि त्यांच्या चरित्रात आमच्या खेड्यांतील आईबापांनीही विचार करावा असा एक विषय आहे, म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

मिलिगन ह्यांचे वडील आयरिश असून हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेत नोकरीस होते. आई इंग्रज होती. मुलाचे बाळपण पुण्यास व पुढे ब्रह्मदेशात रंगून येथे गेले. पुण्यास त्याचे शिक्षण कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ह्या शाळेत झाले. नंतर सर्व कुटुंब इंग्लंडास गेले. तेथे ह्या तरुणाने कारकुनी केली व फावल्या वेळी वाद्यवृंदात कर्णा वाजविला. इतक्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि सन १९४० मध्ये तो तोफखान्यात दाखल झाला.

आफ्रिकेतील लढाईतून तो सुखरूप निघाला. परंतु सन १९४४ च्या जानेवारीत इटलीमध्ये उखळी तोफेचा गोळा त्याच्या अगदी जवळ फुटला. पायाची जखम भरून आली. मनाची आली नाही. हातपाय कापत, बोलताना जीभ अडखळे, रडू आवरेना. तरीही त्यास पुन्हा आघाडीवर पाठविण्यात आले, आणि तेथे काम होईना तेव्हा त्यास मिळालेली लहानशी बढतीही काढून घेण्यात आली. अंगास जखम झाली असता जी सहानुभूती मिळते, ती मनास जखम झालेल्याच्या वाट्यास आली नाही.

युद्धानंतर मिलिगन ह्यांनी लोकांस हसविण्याचा धंदा पत्करला. सन १९५१ ते १९६० पर्यंत बी. बी. सी. च्या रेडिओवर ‘द गून शो’ नावाचा त्यांचा कार्यक्रम चालला, व त्याचे बहुतेक लेखन त्यांनीच केले. आठवड्यास एक ह्याप्रमाणे विनोदी नाटुकले लिहून द्यावे लागे. ह्या ओझ्याखाली सन १९५२ च्या अखेरीस त्यांचे मन खचले व त्यांस इस्पितळात ठेवावे लागले. कधी उत्साहाला भरती यावी, कधी घोर खिन्नतेने अंथरुणास खिळून राहावे, असा हा आजार होता. तो त्यांस जन्मभर पुनःपुन्हा येत राहिला.

अशा मनुष्याने मुलांसाठी लिहावे, हे पाहून नवल वाटते. आपल्या लेकरांस रिझविण्यासाठी त्यांनी जी गमतीची पद्ये रचिली, त्यांतून सन १९५९ मध्ये ‘सिली व्हर्स फॉर किड्स’ हे पुस्तक निघाले. चित्रेही ते स्वतःच काढीत. पुढे सन १९६८ मध्ये ‘अ बुक ऑफ मिलिगॅनिमल्स’, सन १९७३ मध्ये ‘बॅडजेली द विच’ ही चेटकिणीची गोष्ट, आणि सन १९८१ मध्ये आणखी एक पद्यसंग्रह प्रसिद्ध झाला. पहिल्या पुस्तकातील ‘ऑन द निंग नँग नाँग’ ह्या कवितेत गाई, झाडे, उंदीर व चहाच्या किटल्या ह्यांनी मिळून नादाचा गोंधळ मांडिला आहे. सन १९९८ मध्ये इंग्लंडात मते घेतली असता विनोदी कवितांत हीच सर्वांत आवडती ठरली.

कोणी म्हणतील, ज्यास अर्थ नाही असले काव्य काय कामाचे? आमचे उत्तर असे की, आपल्या आजीबाई नातवंडास मांडीवर घेऊन जी बडबडगीते म्हणतात त्यांचा तरी अर्थ कोण विचारतो? मूल आधी नाद ओळखते, मग शब्द, आणि शेवटी अर्थ. जे मूल शब्दांशी खेळले, त्यास पुढे पुस्तकाचे भय वाटत नाही. म्हणून लेकरांस केवळ उपदेशाचे पाठ न देता हसण्याजोगेही काही वाचून दाखवावे.

परंतु ह्याहून मोठा धडा दुसरा आहे. जो इतरांस हसवितो तो स्वतः सुखी असलाच पाहिजे, असे नाही. मिलिगन ह्यांनी आपला आजार लपविला नाही. सन १९९३ मध्ये त्यांनी मनोविकारांचे वैद्य अँथनी क्लेअर ह्यांच्याबरोबर खिन्नतेच्या विकाराविषयी एक पुस्तकच लिहिले. आपल्याकडे मात्र असा मनुष्य आळशी आहे, नाटकी आहे, त्यास कोणी काही केले आहे, असे म्हणून त्यास घरात कोंडितात किंवा देवऋष्याकडे नेतात. हा दोष नव्हे, हा आजार आहे. हिवतापास जसा वैद्य, तसा ह्यासही वैद्य आहे. सरकारने सन २०२२ पासून ‘टेलि-मानस’ नावाची सोय केली असून १४४१६ ह्या क्रमांकावर फोनने फुकट सल्ला मिळतो. हे ज्यास ठाऊक आहे त्याने शेजाऱ्यास सांगावे.

ता. २७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, मिलिगन वारले. इंग्लंडात विंचेल्सी येथील देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. मी आजारी आहे हे मी तुम्हांस सांगितले होते, अशा अर्थाचे वाक्य तिच्यावरील दगडावर आयरिश भाषेत कोरिले आहे. ही त्यांची शेवटची थट्टा, आणि ती वाचून लोक हसतात. पण आपल्या घरी, आपल्या आळीत कोणी तेच वाक्य जिवंतपणी, हळू आवाजात बोलत असेल, तर त्यास हसू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे, व वेळेवर त्यास वैद्याकडे न्यावे.