मातीत शिसे कुठे राहते?

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. खरे शिसे जड, मऊ आणि विषारी. आपल्या जोयडा तालुक्यात खाणी झाल्या त्या मँगनीजच्या, शिशाच्या नव्हेत. तरी हा पाठ आम्ही उळवीच्या तांबड्या मातीपासूनच सुरू करतो. जांभ्या दगडाच्या या मातीत लोखंडाची आणि मँगनीजची ऑक्साइडे असतात. शिसे त्यांना घट्ट चिकटते. शेणखताचा कुजलेला अंशही त्याला धरतो. म्हणून ते खोल झिरपत नाही, वरच्या थरातच राहते. पण मुसळधार पावसाने कॅल्शियम धुऊन माती आम्ल झाली की पकड सुटते व पिकाची मुळे शिसे ओढतात. चुना घातला की ते पुन्हा बांधले जाते.

आफ्रिकेतील झांबियाच्या काब्वे शहरातली शिशाची खाण १९९४ साली बंद झाली. अंगणातली धूळ मात्र तशीच राहिली आणि पुढे जन्मलेल्या मुलांच्याही रक्तात शिसे सापडले. रांगते मूल धुळीचा हात तोंडात घालते, आणि शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. अशा खाणीजवळचे कंद नुसते धुऊन भागत नाही. साल जाड काढावी लागते, कारण माती सालीलाच चिकटलेली असते.